हर्मान एबिंगहाउस : स्मरणाचे मोजमाप

स्मरण आणि विस्मरण यांविषयी तत्त्वचिंतकांनी शतकानुशतके लिहिले. पण त्यांचे मोजमाप करता येईल, असे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसे कोणास वाटले नव्हते. प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रवर्तक मानले जाणारे विल्हेल्म वुंट हेही स्मृतीसारख्या उच्च मनोव्यापारांना प्रयोगाच्या कक्षेबाहेर ठेवत होते. ही मर्यादा ओलांडणाऱ्या संशोधकाचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

हर्मान एबिंगहाउस यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी प्रशियातील बार्मेन येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. इतिहास आणि भाषाविद्या हे त्यांचे आरंभीचे विषय होते. पुढे ते तत्त्वज्ञानाकडे वळले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी सैन्यात सेवा केली आणि १८७३ मध्ये हार्टमान यांच्या नेणिवेच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरची काही वर्षे इंग्लंड व फ्रान्समध्ये शिकवण्या करण्यात गेली. याच काळात गुस्टाफ फेश्नर यांचा मनोभौतिकीवरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. उद्दीपक आणि संवेदन यांचा संबंध गणिताने मांडता येतो, हे फेश्नर यांनी दाखवले होते. संवेदन मोजता येते, तर स्मृती का मोजता येऊ नये, हा प्रश्न एबिंगहाउस यांनी स्वतःपुढे ठेवला.

त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, साहाय्यक नव्हते. म्हणून प्रयोगकर्ता तेच आणि प्रयुक्तही तेच! अडचण मात्र वेगळीच होती. कविता किंवा उतारा पाठ करताना पूर्वीचे ज्ञान, आवडनिवड, लय हे सारे मदतीला येते. ते दूर ठेवण्यासाठी त्यांनी व्यंजन-स्वर-व्यंजन अशा रचनेची सुमारे २३०० अक्षरे तयार केली. (येथे अक्षर म्हणजे लिपीतील चिन्ह नव्हे, तर एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिखंड.) मराठीत असा प्रयत्न केल्यास ‘गेप’, ‘झुत’ यांच्याबरोबर ‘नाक’ आणि ‘पोट’ही येणारच. जर्मनमध्येही तसेच घडले. त्यामुळे ‘निरर्थक अक्षरे’ हे रूढ नाव भाषावैज्ञानिकाला थोडे खटकते. अर्थहीन होती ती चिठ्ठ्या काढाव्यात तशी जुळवलेली अक्षरांची मालिका.

या मालिका ते घड्याळाच्या टिकटिकीबरोबर, मिनिटास १५० अक्षरे या ठरावीक गतीने, तीन किंवा चार अक्षरांच्या गटातील पहिल्या अक्षरावर हलका जोर देत वाचत. मालिका न अडखळता म्हणता आली की लागलेला वेळ नोंदवत. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्यांनी हे कंटाळवाणे काम नेटाने केले.

त्यांची खरी प्रतिभा दिसते ती ‘बचत’ या कल्पनेत. एखादी गोष्ट आठवत नाही, म्हणजे ती पूर्णपणे नष्ट झाली, असे त्यांनी मानले नाही. तीच मालिका पुन्हा पाठ करण्यास किती वेळ कमी लागतो, हे त्यांनी मोजले. समजा, प्रथम १००० सेकंद लागले आणि दुसऱ्या वेळी ६६०, तर बचत ३४ टक्के. अशा रीतीने त्यांना २० मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४, तर ३१ दिवसांनी २१ टक्के बचत आढळली. म्हणजे विस्मरणाचा मोठा भाग पहिल्या तासातच घडतो. नंतर ते मंदावते. हाच पुढे प्रसिद्ध झालेला विस्मरणवक्र होय.

आणखी एक निष्कर्ष आपणासारख्या नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांना जवळचा वाटेल. १२ अक्षरांची मालिका एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील कडवी पाठ करण्यास तेवढ्याच निरर्थक अक्षरांच्या तुलनेत सुमारे एक दशांश श्रम पुरले. अर्थाला बाहेर ठेवूनच अर्थाचे बळ मोजता आले, असे म्हणता येईल. मात्र अर्थ स्मृतीला कसा घडवतो आणि बदलतो, हे या पद्धतीतून कळत नाही. त्यासाठी फ्रेडरिक बार्टलेट यांच्या १९३२ च्या ग्रंथापर्यंत थांबावे लागले.

१८८५ मध्ये स्मृतीविषयीचा त्यांचा छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी ते बर्लिन येथे प्राध्यापक झाले आणि १८९० मध्ये आर्थर क्योनिग यांच्यासह त्यांनी मानसशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. तरीही १८९४ मध्ये बर्लिनचे मुख्य अध्यासन कार्ल स्टुम्फ यांना मिळाले आणि एबिंगहाउस ब्रेस्लाउला गेले. तेथे शालेय मुलांच्या मानसिक थकव्याचा अभ्यास करताना त्यांनी गाळलेल्या जागा भरण्याची कसोटी रचली. परीक्षेत आपण ज्या प्रश्नप्रकाराला सरावलो आहोत, त्याच्याशी तिचे जवळचे नाते आहे. बुद्धिमापन चाचण्यांमध्येही तिचा उपयोग झाला.

१९०५ मध्ये ते हाले येथे आले. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. फेश्नर यांना अर्पण केलेल्या त्यांच्या मानसशास्त्रावरील बृहद्ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा अपुराच होता. तो एर्न्स्ट ड्युर यांनी १९१३ मध्ये पूर्ण केला. त्याच वर्षी स्मृतीवरील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला.