आकाशातले माप घरी आणणारे विल्यम पिकरिंग

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हॅवलॉक नावाचे छोटेसे गाव आहे. अणूचे अंतरंग उलगडणारे रदरफर्ड तेथल्याच प्राथमिक शाळेत शिकले होते. पुढे त्याच शाळेत विल्यम पिकरिंग हा मुलगा आला. त्याचा जन्म २४ डिसेंबर १९१० रोजी वेलिंग्टनला झाला. आई लवकर वारली, म्हणून आजी-आजोबांनी त्याला हॅवलॉकला वाढवले. हायस्कुलात असताना त्याला रेडिओचा नाद लागला आणि तो जन्मभर उपयोगी पडला.

१९२९ साली पिकरिंग अमेरिकेत शिकायला गेले व १९३६ साली भौतिकशास्त्रात डॉक्टर झाले. तेथे प्रा. मिलिकन विश्वकिरणांचा अभ्यास करीत. मोजणीचे उपकरण फुग्याला बांधून आकाशात सोडायचे. पण ते समुद्रात किंवा रानात पडले की सारे श्रम वाया. पिकरिंग व नेहर यांनी उपकरणालाच छोटा रेडिओ जोडला. आता उपकरण हरवले तरी आकडे हाती येत. वाचकांना कौतुक वाटेल, १९३९-४० च्या हिवाळ्यात हे तिघे फुगे घेऊन हिंदुस्थानात आले होते! आग्रा, पेशावर आणि बंगलोर येथून त्यांनी फुगे सोडले.

१९५४ साली ते जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेचे संचालक झाले. पुढे त्यांच्या माणसांनी 'एक्स्प्लोरर-१' हा सुमारे १४ किलोचा उपग्रह अवघ्या तीन महिन्यांच्या आत तयार केला. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री तो उडाला. पृथ्वीला फेरी घालून त्याचा आवाज कॅलिफोर्नियात ऐकू यायचा होता. वॉशिंग्टनमध्ये पिकरिंग टेलिफोनपाशी बसून होते. वेळ झाली, टळली, आवाज नाही. आठ मिनिटे उशिरा तो आला.

उपग्रहात व्हॅन ॲलन यांचा कणमापक होता. फार उंचीवर गेला की तो शून्य दाखवी. शून्य आले की आम्ही शिक्षक मुलाला नापास करतो. येथे अर्थ उलटा निघाला. कण इतके भराभर येत होते की मापकाला मोजायला उसंतच मिळत नव्हती. पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे असे सापडले.

अपयशही पुष्कळ आले. चंद्राकडची पहिली सहा 'रेंजर' याने फसली, सरकारी चौकशी झाली. १९६४ साली सातव्याने छायाचित्रे पाठवली. १९६५ साली 'मरिनर-४' ने मंगळाची छायाचित्रे धाडली, तेव्हा एकेक चित्र उतरायला सुमारे आठ तास लागत.

१५ मार्च २००४ रोजी पिकरिंग कॅलिफोर्नियात वारले. हॅवलॉकमध्ये रदरफर्ड आणि पिकरिंग या दोघांचे मिळून एक स्मारक आहे.