आधी पूर्वपक्ष : महामहोपाध्याय पां. वा. काणे



मुलांना निबंध दिला की ती काय करतात ते बघा. मत आधी ठरतं, मग त्याला जुळतील तेवढेच मुद्दे गोळा होतात. मोठी माणसं तरी वेगळं काय करतात म्हणा! आज ज्यांची ओळख करून देत आहे, त्यांनी उलट वाट धरली, आणि तीही धर्मासारख्या नाजूक विषयात.

पांडुरंग वामन काणे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. जन्म ७ मे १८८०. वडील दापोलीला वकील, घर परंपरा पाळणारं. दापोलीच्या मिशन हायस्कूलमधून मॅट्रिक होऊन ते मुंबईला गेले. शिक्षण झाल्यावर काही वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकवलं, म्हणजे ते आपल्याच पेशातले! पुढे मुंबई हायकोर्टात वकिली केली.

संस्कृत शास्त्रग्रंथांत एक रीत असते. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पुरतेपणी मांडायचं, सिद्धान्त नंतर. चांगल्या वकिलालाही विरुद्ध बाजूचे कागद आधी वाचावे लागतात. काण्यांना दोन्हीची सवय होती. (वर्गात वादविवाद घेताना मुलांना आपल्याला न पटणारी बाजू आधी बोलायला लावून बघा. सुरुवातीला कुरकुरतात, मग रंगतात.)

नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती तयार करताना प्रस्तावनेसाठी म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहायला घेतला. तो वाढतच गेला. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा पुरा व्हायला १९६२ उजाडलं. सगळी मिळून साडेसहा हजारांवर पानं, इंग्रजीत.

या पानांत काय आहे? पुत्र नसलेल्याची संपत्ती याज्ञवल्क्य आधी पत्नीला देतो. मनू तसं म्हणत नाही. काण्यांनी दोन्ही वचनं शेजारी ठेवली. मुलींची मुंज होत असे, हे सांगणारं हारीताचं वचन त्यांनी पुढे आणलं. कलिवर्ज्यांचा, म्हणजे पूर्वी चालत असलेल्या पण कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींचा, त्यांनी बारकाईने अभ्यास केला. धर्म कधीच बदलला नाही असं मानणाऱ्याला ही यादी अडचणीची, कारण ती शास्त्रकारांनीच केलेली आहे. पण सतीसारख्या प्रथेला ज्या वचनांचा आधार घेतला जाई, तीही त्यांनी झाकली नाहीत. म्हणजे सुधारकालाही सोयीचं तेवढंच मिळालं नाही.

सगळ्यात अवघड जागा गोमांसाची. वैदिक काळात ते खाल्लं जाई, असं काण्यांनी पुराव्यानिशी लिहिलं. त्या काळी गाय पवित्र नव्हती असं नव्हे, हेही तिथेच नोंदवलं. परंपरेत वाढलेल्या माणसाने हे मराठीत, आपल्याच लोकांपुढे लिहिणं सोपं नव्हतं, असं मला वाटतं. हाच पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरच्या १९४८ सालच्या ग्रंथात आपल्या मांडणीसाठी घेतला. दोघांच्या वाटा किती निराळ्या! तरी एकाने जमवलेला पुरावा दुसऱ्याला भरवशाने वापरता आला.

काण्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. १९७२ साली ते गेले. त्यांचे खंड आजही ग्रंथालयांत आहेत, आणि परस्परविरोधी मतांची माणसं त्यांतूनच आधार काढून भांडतात.