स्वस्तात मिळालेली कुर्ल्याची गिरणी जमशेटजी टाटांना फार महागात पडली होती

सेल लागला की आपण सगळे सारखेच. दीडशेचा टी-शर्ट उचलायचा, दोन धुण्यांत त्याचं पोतेरं करायचं आणि पुढच्या सेलला पुन्हा रांगेत उभं राहायचं. पण या मोहात फक्त आपणच पडतो असं नाही. ट्रॉम्बेहून मानखुर्दला या, हार्बरची लोकल पकडा, कुर्ल्यानंतर चुनाभट्टी येईल. तिथल्या स्वदेशी मिलची गोष्ट वाचलीत तर जमशेटजी टाटासुद्धा असेच फसले होते हे कळेल. तेही दोनदा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि वडील नसरवानजींच्या व्यापारात शिरले. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिथे कापड काढायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत ती नफ्यात विकून टाकली. बुडालेला धंदा पडत्या भावात घ्यायचा, सुधारायचा आणि पैसा करायचा. पहिलाच डाव लागला होता, आणि पुढच्या दोन्ही चुकांचं मूळ बहुधा तिथेच असावं.

पुढे त्यांनी नागपूरला गिरणी काढली. कापूस जवळ, कोळसा जवळ, जमीन स्वस्त. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली आणि तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल. पण यंत्रं घेताना हात आखडला होता. कमी किमतीच्या यंत्रांतून सूतही तसंच निघालं आणि उत्पादनही रखडलं. तेव्हा जमशेटजींनी ती यंत्रं बदलून नवी आणली. लँकेशायरचे गिरणीवाले ज्याकडे बघायलाही तयार नव्हते ते रिंग स्पिंडलचं तंत्र त्यांनी १८८३ च्या सुमारास इथे करून पाहिलं. एम्प्रेस मिल भरभराटीला आली.

माणूस एकदा पोळला की शहाणा होतो म्हणतात. पण १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल विक्रीला निघाली. गिरणी अवाढव्य, मालक बुडालेला आणि किंमत साडेबारा लाख. तेवढ्या आकाराची गिरणी नव्याने उभारायची तर याच्या कितीतरी पट पैसा लागला असता. जमशेटजींनी ती घेतली आणि नाव ठेवलं ‘स्वदेशी’. वंगभंगाची चळवळ व्हायला अजून एकोणीस वर्षं होती. मँचेस्टरचं तलम कापड इथे येऊन पडायचं, तसंच कापड इथे विणायचं हा त्यांचा इरादा होता.

गिरणी आतून पोखरलेली निघाली. यंत्रं जुनाट, सारखी मोडणारी. सूत चीनला जायचं, तिथल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्या. शेअर गडगडला. नाव ‘स्वदेशी’ आणि माल असा, म्हणजे मँचेस्टरवाल्यांना हसायला आयतंच कारण!

जमशेटजींपुढे दोन वाटा होत्या. आहे तोच माल आणखी भाव पाडून खपवायचा, किंवा आणखी पैसे ओतायचे. त्यांनी मुलाबाळांसाठी केलेला ट्रस्ट मोडला, एम्प्रेसचे काही शेअर विकले आणि तो पैसा कुर्ल्यात घातला. नागपूरची कसलेली माणसं इकडे आणली, यंत्रं बदलली. काही वर्षांनी त्याच चीनमध्ये स्वदेशीचं सूत नावावर विकलं जाऊ लागलं. स्वस्तात मिळालेली गिरणी शेवटी केवढ्याला पडली, याचा हिशोब साडेबारा लाखांत बसत नाही.

आता बाजू उलटली. मालाला चांगलं नाव झालं, पण तो चीन-जपानला न्यायला पी अँड ओ ही इंग्रज बोट कंपनी टनाला १९ रुपये घ्यायची. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले, तिथल्या कंपनीशी हातमिळवणी केली आणि भाडं १२ रुपयांवर आणलं. पी अँड ओने मग आपलं भाडं पाडलं ते थेट दोन रुपयांच्याही खाली. वर टाटांची बोट कापूस वाहायला लायक नाही, अशी कुजबूजही पसरवली. सुरुवातीला टाटांबरोबर असलेले व्यापारी एकेक करून तिकडे सरकले. त्यांना सरसकट दोष देता येत नाही, सुताच्या धंद्यात पैशापैशाचा हिशोब असतो. पण टाटा लाइन बंद पडली आणि भाडं पुन्हा चढलं. आज मोठं दुकान शेजारच्या वाण्याला उठवायला सेल लावतं, तेव्हा तो हाच खेळ असतो.

१९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइमला जमशेटजी गेले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी स्वदेशीची चळवळ पेटली आणि देशी कापडाला गिऱ्हाईक शोधायची गरज उरली नाही. कुर्ल्याची गिरणी पुढे शतकभर टिकली. २००० साली तिचा भोंगा थांबला. चुनाभट्टीला आता उरलाय तो स्वदेशी मिल रोड, आणि गिरणीतल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेले कामगार.