मार्टिन ल्यूथर किंग : विजयानंतरची वाट

थोर पुरुषांच्या चरित्राकडे पाहताना आपली दृष्टी बहुधा त्यांच्या विजयाच्या क्षणापाशीच खिळून राहते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव घेताच १९६३ साली वॉशिंग्टन येथे अडीच लाखांच्या समुदायापुढे केलेले भाषण आठवते. आम्हांला मात्र त्यांच्या आयुष्याची अखेरची तीन वर्षे अधिक मोलाची वाटतात. विजय मिळाल्यावर माणूस कोणती वाट धरतो, यातच त्याची खरी कसोटी असते.

१५ जानेवारी १९२९ रोजी अटलांटा येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी किंग यांचा जन्म झाला. दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा शाळा, उपाहारगृहे, बसमधील आसने, सारे काही वर्णानुसार विभागलेले होते. डिसेंबर १९५५ मध्ये मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास नकार दिला आणि बस-बहिष्काराचे नेतृत्व अवघ्या २६ वर्षांच्या किंग यांच्याकडे आले. ३८१ दिवस हजारो कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाऊल ठेवले नाही. किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तरी संतप्त जमावाला त्यांनीच शांत केले. अखेर न्यायालयाने बसमधील भेदभाव घटनाबाह्य ठरविला.

गांधीजींच्या मार्गाचे ऋण मानणारे किंग १९५९ साली पत्नी कोरेटा यांच्यासह सुमारे महिनाभर भारतात हिंडले. मुंबईच्या मणिभवनातही राहिले. त्रिवेंद्रम येथे पूर्वास्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य अशी करून दिली. क्षणभर ते दचकले, किंचित दुखावलेही. मग मायदेशातील आपल्या बांधवांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि ती ओळख त्यांनी मनोमन स्वीकारली.

१९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६५ साली मतदानहक्काचा कायदा आला. येथे थांबले असते, तर उरलेले आयुष्य सन्मानात गेले असते. पण १९६६ साली ते शिकागोच्या गरीब वस्तीत राहावयास गेले आणि तेथील मोर्चात त्यांनी दगड झेलला. ४ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी व्हिएतनाम युद्धाचा जाहीर निषेध केला. वृत्तपत्रे उलटली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुरावले, जुन्या सहकाऱ्यांनीही नापसंती दर्शविली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिस येथे पावसापासून बचाव करण्यासाठी कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडून मरण पावले. सुमारे १३०० कामगार संपावर गेले. वेतनाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आपल्याला माणूस म्हणून ओळखावे एवढीच त्यांची मागणी होती. किंग तेव्हा सर्व वर्णांच्या गरिबांची वॉशिंग्टन मोहीम आखण्यात गुंतले होते. मेम्फिसला जाऊ नये, असे सहकाऱ्यांचे मत होते. तरी ते गेले. २८ मार्चच्या मोर्चाला हिंसेचे गालबोट लागले, तेव्हा शांततेचा मार्ग सिद्ध करण्यासाठी ते पुन्हा गेले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. वय होते केवळ ३९ वर्षे.

अहिंसेच्या या उपासकाच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या, हा दैवदुर्विलासच. पण ८ एप्रिलला मेम्फिसमध्ये शोकमग्न कोरेटा यांच्या अग्रभागी हजारोंचा मूक मोर्चा शांतपणे निघाला आणि १६ एप्रिलला कामगारांची संघटना मान्य होऊन संप मिटला.

त्रिवेंद्रमच्या शाळेत स्वीकारलेली ती ओळख किंग यांनी मेम्फिसमध्ये प्राण देऊन खरी केली, असे आम्हांला वाटते. आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव हाही एक लहानसा विजयच आहे. त्यानंतरची आपली वाट कोणाच्या दारापर्यंत जाते, याचा विचार या मंगल प्रसंगी मनात यावा, एवढीच इच्छा.