दक्षिण ध्रुवाचा जमाखर्च

दक्षिण ध्रुवावर मनुष्याचे पहिले पाऊल १४ डिसेंबर १९११ रोजी पडले आणि ते नॉर्वेच्या रोआल अमुंडसेनचे होते, हे शाळकरी विद्यार्थ्यालाही पाठ असते. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात हाच अमुंडसेन ध्रुवाच्या वाटेवरून आठ दिवसांत माघारी फिरला होता, आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या तुकडीतील सर्वांत अनुभवी माणसाने त्याला सर्वांदेखत खडे बोल सुनावले होते, ही हकीकत पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. निवडक माणसांची तुकडी जिवावरच्या प्रसंगी कशी वागते आणि त्यातून काय शिकते, हे पाहावयाचे असेल तर डिसेंबरातील विजयापेक्षा सप्टेंबरातील ती फजितीच अधिक बोलकी आहे.

अमुंडसेनचा जन्म १८७२ सालचा. घराणे जहाजमालकांचे; परंतु मुलाने डॉक्टर व्हावे, अशी आईची इच्छा होती. १८९३ मध्ये आई वारली आणि मुलाने वैद्यकीची पुस्तके कायमची मिटली. चार वर्षांनी तो ‘बेल्जिका’ या बेल्जियन जहाजावर अधिकारी म्हणून, तोही बिनपगारी, रुजू झाला. हे जहाज १८९८ च्या मार्चमध्ये दक्षिणेकडील समुद्रात गोठले आणि सुमारे वर्षभर बर्फात अडकून पडले. ध्रुवीय रात्रीचा अंधार, त्यात स्कर्व्ही. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कूक ताजे पेंग्विनचे आणि सीलचे मांस खा म्हणून सांगत होता. मोहिमेचा प्रमुख द जेर्लाश याला त्या मांसाचा तिटकारा होता, म्हणून ते बाकीच्यांच्याही ताटात येत नव्हते. अखेर प्रमुखानेच अंथरूण धरले तेव्हा कूकचे ऐकले गेले आणि माणसे सावरली. हुद्दा एकाकडे आणि ज्ञान दुसऱ्याकडे असले म्हणजे काय होते, याचा हा धडा पंचविशीतल्या अमुंडसेनने डोळ्यांसमोर घडताना पाहिला. पुढे तो त्याला नेहमीच आठवला, असे मात्र नव्हे.

१९०३ मध्ये अवघ्या सत्तेचाळीस टनांच्या ‘योआ’ या नौकेतून, सहा सोबती घेऊन, तो वायव्य मार्ग शोधण्यास निघाला. या मार्गाच्या शोधात ब्रिटिश आरमाराची मोठमोठी जहाजे आणि शेकडो माणसे पूर्वी गारद झाली होती. अमुंडसेनने किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे काढले आणि तेथील नेत्सिलिक लोकांची अक्षरशः शिकवणी धरली. कातड्याचे कपडे सैल का असावेत, घाम येऊ न देता काम कसे करावे, कुत्री कशी जुंपावीत, बर्फाचे घर कसे बांधावे, हे सारे तो त्यांच्याकडून शिकला. युरोपीय माणसाने तथाकथित रानटी लोकांचे शिष्यत्व पत्करावे, हे त्या काळी विशेषच होते. दक्षिण ध्रुवाचे भांडवल खऱ्या अर्थाने या दोन हिवाळ्यांत जमले.

पैशाचे भांडवल मात्र त्याच्यापाशी कधीच टिकले नाही. नान्सेनचे विख्यात जहाज ‘फ्राम’ त्याने मिळविले ते उत्तर ध्रुवासाठी. सरकारी अनुदान आणि लोकवर्गणीही त्यासाठीच होती. १९०९ च्या सप्टेंबरात कूक आणि पियरी या दोघांनीही उत्तर ध्रुव गाठल्याचे दावे केले आणि या मोहिमेचा बाजारभाव एका आठवड्यात कोसळला. कर्जे तर उभीच होती. अमुंडसेनने मनातल्या मनात होकायंत्र फिरविले आणि कोणालाही न सांगता दक्षिणेकडे जाण्याचे ठरविले. बहुतेक खलाशांना ही गोष्ट कळली ती १९१० च्या सप्टेंबरात, मदेरा बेटापाशी. तेथे त्याने प्रत्येकाला वेगळे विचारले आणि प्रत्येकाने होकार दिला. एका कामासाठी घेतलेला पैसा दुसऱ्या कामी लावणे हा सरळ व्यवहार नव्हे. यशाने तो झाकला गेला, इतकेच.

१९११ च्या जानेवारीत ‘बे ऑफ व्हेल्स’ या आखातात नऊ माणसे किनाऱ्यावर उतरली. ‘फ्रामहाइम’ हे त्यांचे लाकडी घर उभे राहिले, आणि येथून पुढे या तुकडीचा जो कारभार दिसतो तो हिशेबाची आवड असणाऱ्या कोणालाही मोहविणारा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तीन फेऱ्यांत ८०, ८१ आणि ८२ अंशांवर मिळून तीन टनांहून अधिक सामग्री पुरून ठेवण्यात आली. धुक्यात कोठार चुकू नये म्हणून केवळ त्या जागी निशाण न लावता पूर्वेस व पश्चिमेस काही मैलांपर्यंत निशाणांची रांगच रोवली; रांगेतील कोणतेही एक सापडले की कोठार सापडलेच. प्रत्येक फेरीनंतर चुकांचा हिशेब होई. बूट घट्ट आहेत, सकाळी तंबू उठवावयास फार वेळ लागतो, घसरगाड्या नाहक जड आहेत.

मग चार महिन्यांच्या काळोखात, बर्फात खोदलेल्या भुयारांत बसून, माणसांनी हे दोष एकेक करून दूर केले. ब्यालँड या कसबी सुताराने रंधा मारून मारून गाड्यांचे वजन मूळच्या एक तृतीयांशाहूनही खाली आणले. बूट उसवून पुन्हा शिवले गेले, तेही एकदा नव्हे, अनेकदा. अमुंडसेन रोज सकाळी बाहेरच्या तपमानाचा अंदाज प्रत्येकाला करावयास लावी आणि अचूक अंदाजाला बक्षीस देई. खेळाच्या निमित्ताने माणसे घराबाहेर पडत आणि हवामान पारखण्यास शिकत. खाद्यपदार्थ पेट्यांत भरण्याचे काम ह्याल्मार योहान्सनकडे होते. बिस्किटे मोजून, पेटीतील फटीफटीत दुधाच्या भुकटीच्या पिशव्या बसवून त्याने ते पार पाडले.

हा योहान्सन म्हणजेच सप्टेंबरात बोलणारा माणूस. १८९५ मध्ये नान्सेनबरोबर जहाज सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने ८६ अंशांपलीकडे जाणारा आणि दगड व वॉलरसची कातडी यांच्या झोपडीत हिवाळा काढून जिवंत परतणारा. घरसंसार, नोकरी या सपाट जमिनीवर मात्र त्याचा पाय टिकला नाही. दारूने त्याला ग्रासले. नान्सेनच्या शब्दाखातर अमुंडसेनने त्याला घेतले होते. बर्फावरील अनुभवात तो प्रमुखाहूनही ज्येष्ठ होता, आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

सूर्य ऑगस्टच्या अखेरीस उगवला. स्कॉटच्या ब्रिटिश मोहिमेपाशी मोटारीने चालणाऱ्या गाड्या आहेत, या बातमीने अमुंडसेनची झोप उडविली होती. थंडी ओसरलेली नाही, एवढ्यात निघू नये, असे योहान्सनचे मत होते. ते बाजूला सारून ८ सप्टेंबरला आठ जण निघाले. स्वयंपाकी तेवढा मागे राहिला. तीनच दिवसांत पारा शून्याखाली ५६ अंशांवर उतरला, होकायंत्रातील द्रव गोठला, कुत्र्यांचे पंजे फुटले. ८० अंशांवर सामान उतरवून तुकडी परत फिरली.

१६ सप्टेंबर हा परतीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी अमुंडसेन दोघा सोबत्यांसह घसरगाडीवरून पुढे निघून गेला. बाकीचे मैलोन्‌मैल विखुरले. तरुण नौदल अधिकारी प्रेस्त्रुद याच्या टाचा हिमदंशाने बधिर झाल्या होत्या आणि त्याची कुत्री थकली होती. योहान्सन त्याच्यासाठी थांबला. दोघांपाशी ना अन्न, ना स्टोव्ह. प्रमुख घरी पोहोचून कित्येक तास झाल्यावर, मध्यरात्र उलटल्यानंतर, योहान्सनने प्रेस्त्रुदला कसेबसे दारात आणून सोडले. तो थांबला नसता तर प्रेस्त्रुद वाचता ना.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी योहान्सनने तोंड उघडले. पुढाऱ्याने आपली माणसे मागे टाकून पळावे, ही मोहीम नव्हे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. तो सर्वांसमक्ष बोलला, कडक बोलला, कदाचित जुना कडवटपणाही त्यात मिसळला असेल. परंतु तो खोटे बोलला, असे त्याच्या टीकाकारांनीही म्हटलेले नाही.

अमुंडसेनची यावरील कृती दुहेरी होती. टीकेतील मुद्दा त्याने जवळजवळ संपूर्ण स्वीकारला: घाई थांबविली, बुटांची पुन्हा दुरुस्ती करविली आणि वसंत स्थिरावेपर्यंत, म्हणजे आणखी महिनाभर, वाट पाहिली. टीकाकाराला मात्र त्याने ध्रुवाच्या तुकडीतून काढून टाकले. योहान्सन, प्रेस्त्रुद आणि स्टुबेरुद यांना पूर्वेकडील किंग एडवर्ड प्रदेशाच्या पाहणीस पाठविण्याचे ठरले, आणि या छोट्या तुकडीचे नेतृत्व दिले ते प्रेस्त्रुदला, म्हणजे ज्याला योहान्सनने वाचविले त्याला, वयाने चौदा वर्षांनी लहान असलेल्याला. कोणत्याही कचेरीत वा शाळेत काही वर्षे काढलेल्या माणसाला या बदलीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

अमुंडसेनच्या समर्थकांचे म्हणणे असे, की चार महिन्यांच्या प्रवासात नेत्याच्या अधिकाराविषयी शंका घेणारा माणूस बरोबर असणे म्हणजे आत्मघात. हे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. शिवाय अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता एक विलक्षण गोष्ट घडली. कोठारे आठ माणसांच्या हिशेबाने भरलेली होती. आता जाणारे पाचच. न्याहारीच्या भांडणाने तुकडीच्या गंगाजळीत अकस्मात भर पडली. याच्या नेमके उलट स्कॉटने केले. चौघांच्या बेताने बांधलेल्या शिध्यावर १९१२ च्या जानेवारीच्या आरंभी, ऐन अखेरच्या टप्प्यावर, त्याने पाचवा माणूस घेतला. त्याआधी वर्षभर, त्याचे मुख्य कोठार ८० अंशांवर व्हावयाचे होते ते थकलेल्या तट्टांची दया येऊन अलीकडेच पुरण्यात आले. तट्टे मारावी लागली तरी पुढे जावे, हा ओट्सचा सल्ला त्याने मानला नाही. मार्च १९१२ मध्ये स्कॉटचा अखेरचा तंबू पडला तो या कोठारापासून अवघ्या अकरा मैलांवर. तेव्हा अधिक जाणत्या हाताखालच्या माणसाचे न ऐकणारा नेता काही एका बाजूलाच नव्हता.

तथापि, या तर्काने अमुंडसेन निर्दोष ठरतो, असे मला वाटत नाही. तीन माणसे कमी केल्याचा लाभ हा त्या निर्णयाचा हेतू नव्हता, तो त्याचा योगायोगाने झालेला परिणाम होता. संख्या कमीच करावयाची होती तर सर्वांत अनुभवी माणूसच का कमी व्हावा, याचे उत्तर कोठारांच्या हिशेबात सापडत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो, कारण तो ठरल्याप्रमाणे झाला. १९ ऑक्टोबरच्या सुमारास पाच माणसे, चार गाड्या आणि बावन्न कुत्री निघाली. अ‍ॅक्सेल हायबर्ग ही अनोळखी हिमनदी चढून वर आल्यावर चोवीस कुत्री गोळ्या घालून मारण्यात आली. तो आकडा निघण्यापूर्वीच बेतलेला होता, आणि तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. ध्रुवावर निशाण रोवताना अमुंडसेनने पाचही जणांना काठी एकत्र धरावयास लावले. आपल्या गणितात चूक राहू नये म्हणून तीन दिवस मोजमापे घेतली. २५ जानेवारी १९१२ ला, नव्व्याण्णव दिवसांनी, पाच माणसे आणि अकरा कुत्री घरी आली. कोठारांत अन्न शिल्लकच होते.

होबार्टला पोहोचल्यावर योहान्सन पुन्हा दारूकडे वळला, पुन्हा खटके उडाले आणि त्याला एकट्यालाच मायदेशी पाठविण्यात आले. स्वागताच्या सोहळ्यांत त्याला स्थान नव्हते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमुंडसेनच्या ग्रंथात सप्टेंबरातील माघार आहे, पण न्याहारीचे ते भांडण नाही. ३ जानेवारी १९१३ रोजी योहान्सनने राजधानी ख्रिस्तियानियात पिस्तुलाने आपला अंत करून घेतला. त्याच्या मरणाचे सारे ओझे अमुंडसेनच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. त्याचा व्याधी जुना होता. पण ज्या बर्फावर तो माणूस म्हणून उभा राहू शकत होता, तेथेच त्याचा तेजोभंग झाला, हेही तितकेच खरे.

अमुंडसेनचे उत्तरायुष्य अशाच दोन रंगांचे आहे. १९२४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. १९२५ मध्ये सहा जणांसह दोन विमाने उत्तरेस ८७ अंशांपलीकडे बर्फावर उतरली आणि एक निकामी झाले. अत्यंत तुटपुंज्या अन्नावर तीन आठवड्यांहून अधिक काळ सहा जणांनी अपुऱ्या हत्यारांनी शेकडो टन बर्फ हलवून धावपट्टी केली. ती फुटली की दुसरी केली, आणि अखेर १५ जूनला एकाच विमानातून सहाही जण उडाले. तेथे कोणी कोणाला मागे टाकले नाही. पुढील वर्षी ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून तो उत्तर ध्रुवावरून गेला. मात्र ते जहाज बांधणाऱ्या व चालविणाऱ्या नोबिले या इटालियनाशी श्रेयावरून त्याचे जाहीर भांडण जुंपले आणि ते शेवटपर्यंत मिटले नाही.

मे १९२८ मध्ये याच नोबिलेचे ‘इटालिया’ हे जहाज बर्फावर कोसळले. १८ जूनला अमुंडसेन ‘लाथाम’ या फ्रेंच समुद्री विमानातून त्याच्या शोधास निघाला. नोबिले वाचला, अमुंडसेन आणि त्याचे पाच सहप्रवासी पुन्हा दिसले नाहीत. काही महिन्यांत नॉर्वेच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना त्या विमानाचा एक तरंगक सापडला आणि नंतर पेट्रोलची एक टाकी. टाकीला लाकडाचे बूच ठोकलेले होते. मोडलेल्या तरंगकाच्या जागी ती बसविण्याचा प्रयत्न झाला असावा, म्हणजे विमान पाण्यावर उतरल्यानंतर काही वेळ तरी त्यातील माणसे जिवंत होती आणि कामाला लागलेली होती, असे जाणकारांचे अनुमान आहे.