महमूद मतान : फाशीनंतर ४५ वर्षांनी निर्दोष

महमूद हुसेन मतान यांचा जन्म १९२३ साली ब्रिटिश सोमालीलँडमध्ये झाला. जहाजावर खलाशी म्हणून काम करत ते वेल्समधील कार्डिफ बंदरात आले आणि टायगर बे या वस्तीत स्थिरावले. तेथे लॉरा विल्यम्स या गोऱ्या तरुणीशी त्यांनी लग्न केले. त्यांना तीन मुलगे झाले. काळ्या माणसाशी संसार थाटला म्हणून लॉरा यांना लोकांच्या शिव्या खाव्या लागत.

६ मार्च १९५२ रोजी त्याच भागातील लिली व्होल्पर्ट या दुकानदार महिलेचा गळा चिरून खून झाला. मतान यांना अटक झाली. खटला उभा राहिला तो प्रामुख्याने एका साक्षीदाराच्या भरवशावर. त्याने सुरुवातीला पोलिसांना केलेले वर्णन दुसऱ्याच सोमाली माणसाचे होते. १२ वर्षांच्या एका मुलीनेही आपण पाहिलेला माणूस हा नव्हे, असे सांगितले होते. यातले काहीच ज्युरीपुढे आले नाही. उलट मतान यांच्या स्वतःच्या वकिलानेच त्यांना अर्धे रानटी ठरवले.

३ सप्टेंबर १९५२ रोजी कार्डिफच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. लॉरा त्यांना भेटायला गेल्या, तेव्हा दारावरची नोटीस वाचून त्यांना पतीच्या मृत्यूची बातमी कळली. मुले फाशी गेलेल्याची पोरे म्हणून वाढली.

तरी लॉरा मागे हटल्या नाहीत. १९६९ साली सरकारने प्रकरण पुन्हा उघडण्यास नकार दिला. १९९६ साली तुरुंगाच्या आवारात पुरलेला मृतदेह कुटुंबाला मिळाला आणि रीतसर दफन करता आला. अखेर २४ फेब्रुवारी १९९८ रोजी अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ही माफी नव्हती. माफी गुन्हेगाराला मिळते. येथे दोषसिद्धीच पुसली गेली. २००१ साली कुटुंबाला ७ लाख २५ हजार पौंड भरपाई मिळाली.

लॉरा २००८ साली वारल्या. पोलिसांनी माफी मागितली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, फाशीला ७० वर्षे झाल्यावर. तोवर तिन्ही मुलगेही हयात नव्हते. चुकून तुरुंगात टाकलेल्या माणसाला निदान बाहेर तरी काढता येते. फाशीच्या बाबतीत ती सोय नाही, आणि उरलेली शिक्षा बायकापोरे भोगतात.