इंजिन कशावर बसवावे? कॉलिन चॅपमन यांचे उत्तर

मोटारीचे इंजिन सहसा सांगाड्याला थेट आवळलेले नसते. दोहोंच्या मध्ये रबर आणि पोलाद यांचा एक लहानसा ठोकळा असतो. त्याला इंजिन माउंटिंग म्हणतात. भारतातील गॅरेजांत ‘फाउंडेशन’ हा शब्दही रूढ आहे. या ठोकळ्यावर दोन परस्परविरोधी जबाबदाऱ्या असतात. इंजिनाचे वजन पेलून, चाकांना फिरवताना बसणाऱ्या उलट पिळाला तोंड देत त्याने इंजिन जागच्या जागी धरून ठेवायचे. आणि त्याच वेळी इंजिनाची थरथर प्रवाशांपर्यंत पोहोचू द्यायची नाही. रबर मऊ असेल तर गाडी शांत राहते, पण ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन डोलते आणि गियर बदलणे ढिले होते. रबर कठीण असेल तर शक्ती तत्काळ चाकांपर्यंत जाते, पण तिच्याबरोबर कंपनेही आसनापर्यंत येतात. या पेचाचे सर्वांत टोकाचे आणि सर्वांत दूरगामी उत्तर ज्यांनी दिले, त्या कॉलिन चॅपमन यांचे हे चरित्र.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथे हॉटेल चालवीत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्यांनी संरचना अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि तेथेच विद्यापीठाच्या हवाई तुकडीत विमान चालविण्याचे धडे गिरवले. पूल आणि विमान या दोन्ही रचनांत निरुपयोगी वजनाला स्थान नसते. प्रत्येक भागाने कोणता ना कोणता भार वाहिलाच पाहिजे. हा विचार त्यांच्या मनात असा रुजला की पुढील सर्व कामाचा तोच पाया ठरला. १९४८ मध्ये त्यांनी एका जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर आपली पहिली गाडी बांधली. १९५२ च्या पहिल्या दिवशी, प्रेयसी आणि भावी पत्नी हेझल विल्यम्स यांच्याकडून घेतलेल्या २५ पौंडांच्या आधारावर, लोटस कंपनीची स्थापना झाली.

१९५७ साली लोटस एलिट ही गाडी लोकांसमोर आली. तिला वेगळा सांगाडाच नव्हता. फायबरग्लासचे शरीर हाच तिचा सांगाडा होता. इंजिन आणि पुढील सस्पेन्शन पेलण्यासाठी त्या शरीरात पोलादी चौकट बसवलेली होती, तर मागचा डिफरन्शियल थेट फायबरग्लासच्या आधारावर होता. गाडी विलक्षण हलकी झाली, दिसायला देखणी होती आणि शर्यतींतही चमकली. परंतु ते पातळ, कडक शरीर ढोलाच्या कातड्यासारखे वागे. यंत्रांची प्रत्येक थरथर त्यात घुमत असे. लांबच्या प्रवासात हा आवाज चालकाला थकवून टाकी. शिवाय प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटा होत होता. सुमारे हजार गाड्यांनंतर एलिटचे उत्पादन थांबले.

चॅपमन यांनी त्यातून घेतलेला बोध १९६२ च्या लोटस एलानमध्ये दिसतो. येथे पोलादी पत्र्याचा, पाठीच्या कण्यासारखा सांगाडा आला, इंजिन रबरी माउंटिंगवर बसले आणि मागील चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमध्येही रबराच्या जाड कड्या घातल्या गेल्या. त्या कड्या धक्के शोषून घेत. मात्र क्लच घाईने सोडल्यास प्रथम पिळल्या जात आणि मग उसळत, त्यामुळे गाडी हिसके देई. रबर कोठेही ठेवले तरी त्याची किंमत कोठेतरी मोजावीच लागते, हे एलानच्या मालकांना रोजच अनुभवास येत असे. आजही वेगवान गाडीला पॉलियुरेथेनचे किंवा सरळ धातूचे माउंटिंग बसवू पाहणाऱ्याने हाच हिशेब करायचा असतो. एकच माउंटिंग कठीण करून बाकीची मऊ ठेवली तर बहुतेक ताण त्या एकावर येतो. बोल्टही इंजिन आपल्या नैसर्गिक जागी स्थिरावल्यावरच अखेरचे आवळायचे असतात. अन्यथा माउंटिंग पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते.

शर्यतीच्या गाडीत मात्र प्रवाशाच्या आरामाचा प्रश्नच नव्हता. तेथे चॅपमन यांचा विचार अगदी उलट दिशेने गेला. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्यांनी नळ्यांच्या चौकटीऐवजी विमानासारखी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी वापरली. चालकाच्या मागे या पेटीच्या दोन भुजा पुढे जात आणि इंजिन त्यांच्या मध्ये बसे. जिम क्लार्क यांनी १९६३ मध्ये या गाडीतून विश्वविजेतेपद मिळवले; १९६५ मध्ये तिच्या सुधारित रूपातून ते दुसऱ्यांदा विजेते झाले.

१९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये तीन लिटरच्या इंजिनांना परवानगी मिळाली. लोटसला इंजिने पुरवणारी कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनी त्याच सुमारास माघार घेत होती. चॅपमन यांनी फोर्डचे वॉल्टर हेझ यांचे मन वळवले. फोर्डने एक लाख पौंड मंजूर केले आणि कॉसवर्थचे कीथ डकवर्थ नवे व्ही-आठ इंजिन रचू लागले. त्याचे नाव डीएफव्ही. चॅपमन यांची मागणी केवळ शक्तीपुरती नव्हती. इंजिनाचे ओतकाम इतके भक्कम असते, तर त्याला धरण्यासाठी भोवती आणखी सांगाडा कशाला, असा त्यांचा सवाल होता. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. व्हित्तोरिओ यानो यांनी १९५४ च्या लान्चिया डी५० मध्ये इंजिनाकडून सांगाड्याचे काम करून घेतले होते. बीआरएमच्या अवजड सोळा सिलिंडरी इंजिनाचाही तसा उपयोग झाला होता. ते इंजिन बसवलेल्या लोटस ४३ मधून क्लार्क यांनी १९६६ ची अमेरिकन ग्रां प्री जिंकली होती. परंतु डीएफव्ही आणि मॉरिस फिलिप यांच्यासह आखलेली लोटस ४९ या दोन गोष्टी एकमेकींसाठीच घडल्या.

लोटस ४९ मध्ये ॲल्युमिनियमची पेटी चालकाच्या पाठीशीच संपत असे. तेथे इंजिन रबराविना थेट बोल्टने जोडलेले होते. इंजिनाच्या मागे गियरबॉक्स आणि त्यांच्या आधाराने मागील सस्पेन्शन. चालकाच्या मागे वेगळा सांगाडा उरलाच नाही. येथे एक सूक्ष्म अडचण होती. तापलेले इंजिन प्रसरण पावते, पेटी तेवढी पावत नाही. चारही बाजूंनी कडक आवळले तर धातूला तडा जाण्याची भीती. म्हणून खालच्या बाजूस इंजिन घट्ट धरले गेले आणि वर, कॅमशाफ्टच्या झाकणांपाशी, पातळ पट्ट्या आल्या. त्या गाडीच्या लांबीच्या दिशेने ताठ, पण आडव्या दिशेने किंचित वाकणाऱ्या होत्या. जेथे ताठपणा हवा तेथे ताठपणा आणि जेथे प्रसरणाला वाट हवी तेथेच लवचीकता, असे हे माउंटिंग होते.

४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडवूर्ट येथे ही गाडी प्रथमच शर्यतीत उतरली. ग्रॅहॅम हिल यांनी पहिले स्थान पटकावून प्रारंभ केला, पण इंजिनातील दातेरी चाक मोडल्याने त्यांना थांबावे लागले. आठव्या क्रमांकावरून निघालेले क्लार्क विजयी झाले. हिल यांच्या इंजिनातील बिघाडाचे मूळ क्रँकशाफ्टच्या पिळवटणाऱ्या कंपनांत होते. डकवर्थ यांनी पुढे त्या गियरमध्येच लहान, स्प्रिंगसारख्या पिळल्या जाणाऱ्या दांड्या बसवून उपाय केला. माउंटिंगमधून हद्दपार झालेली लवचीकता इंजिनाच्या पोटात अशी परतली. पुढील वर्षीपासून इतर संघांनाही डीएफव्ही मिळू लागले आणि त्यांनी बसवण्याची पद्धतही उचलली. १९८३ पर्यंत या इंजिनाच्या वंशाने १५५ ग्रां प्री जिंकल्या.

या यशाला काळी किनार आहे. प्रत्येक भाग जेमतेम पुरेल इतकाच भक्कम ठेवायचा, तर चुकीला जागा उरत नाही. एप्रिल १९६८ मध्ये हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत क्लार्क यांचा मृत्यू झाला आणि जवळचा मित्र गमावल्याने चॅपमन खचले. १९६९ मध्ये बार्सिलोना येथे दोन्ही लोटस गाड्यांचे उंच पंख मोडून पडले. त्यातून बचावलेल्या योखेन रिंट यांनी गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल चॅपमन यांना लेखी इशारा दिला. सप्टेंबर १९७० मध्ये मोंझा येथे सरावादरम्यान रिंट यांच्या गाडीतील ब्रेकचा शाफ्ट तुटला. सदोष संरक्षक कठड्याने आघात प्राणघातक केला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. हलकेपणाच्या ध्यासाचा हिशेब मांडताना ही पाने वगळता येत नाहीत.

१९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती यांनी लोटस ७९ मधून जगज्जेतेपद मिळवले. गाडीच्या तळाशी हवेचा दाब कमी करून तिला रस्त्याला चिकटवण्याचे हे तंत्र इतके प्रभावी ठरले की त्यापायी सस्पेन्शन दगडासारखे कठीण होत गेले आणि चालकांना हादरे असह्य होऊ लागले. त्यावर चॅपमन यांनी १९८१ मध्ये लोटस ८८ आणली. तिच्यात दोन सांगाडे होते: बाहेरचा हवेचा भार झेलणारा, आतला चालकाला व इंजिनाला मऊ स्प्रिंगवर सांभाळणारा. चौदा वर्षांपूर्वी शर्यतीच्या गाडीतील मधला थर काढून टाकणाऱ्या अभियंत्याने माणसासाठी तो पुन्हा मांडला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली आणि गाडीवर बंदी आली.

१६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. डीलोरियन प्रकरणातील गहाळ झालेल्या सार्वजनिक पैशांची चौकशी तेव्हा त्यांच्या कंपनीभोवती घोंगावत होती. तिचे उत्तर देण्यास ते उरले नाहीत. त्यांच्या हयातीत लोटसने संघांचे विश्वविजेतेपद सात वेळा मिळवले. आजच्या फॉर्म्युला वन गाडीतही चालकाच्या पाठीमागे इंजिन थेट पेटीलाच आवळलेले असते, मध्ये रबर नसते. आपण रोज कार्यालयात नेतो त्या गाडीत मात्र ते असते. चॅपमन यांनी या दोन्ही प्रकारच्या गाड्या बांधल्या, आणि इंजिन कशावर बसवायचे हे ठरवण्यापूर्वी त्या गाडीत बसणारा कोण, हे ठरवावे लागते, याची साक्ष त्या दोन्ही गाड्या देतात.